लॉगटॉक : आरंभ कोठून करावा?

प्रोलॉग ही भाषा १९७२ च्या सुमारास मार्सेय येथे अलँ कोलमरोअर आणि फिलिप रूसेल यांच्या हातून आकारास आली, ती फ्रेंच वाक्ये यंत्रास समजावीत या हेतूने. तिच्या जन्माशी भाषाशास्त्राचा असा निकटचा संबंध असल्यामुळे भाषाविभागांत तिचे स्वागत झाले, हे साहजिकच होय. परंतु आपल्याकडे प्रोलॉगमध्ये लिहिलेली व्याकरणे फार काळ जगत नाहीत, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे. मराठी नामांच्या रूपावलीची स्वतःच लिहिलेली एक फाइल तीन वर्षांनी उघडली असता, अपवाद म्हणून मागाहून जोडलेले कित्येक नियम ‘कट’ या आज्ञेने संपणाऱ्या सामान्य नियमाच्या खाली पडले असून त्यांच्यापर्यंत यंत्र कधी पोहोचलेच नव्हते, असे आढळून आले. ज्या वर्णनाचा कर्ताच त्याचा वारस होऊ शकत नाही, त्यावर दुसऱ्या संशोधकाने काय उभारावे?

पाउलो मोरा यांची लॉगटॉक ही भाषा या अडचणीवरील उपाय म्हणून विचारात घेण्यासारखी आहे. ती १९९८ मध्ये प्रकट झाली आणि तिच्या रचनेची मीमांसा मोरा यांनी पोर्तुगालमधील बेइरा इंतेरिऑर विद्यापीठास सादर केलेल्या २००३ च्या प्रबंधात केली. लॉगटॉकचा संकलक स्वतः प्रोलॉगमध्ये लिहिलेला असून तो ऑब्जेक्टांत मांडलेल्या मजकुराचे साध्या प्रोलॉगमध्ये रूपांतर करतो. म्हणून एसडब्ल्यूआय, सिक्स्टस, जीएनयू अशा अनेक प्रोलॉगांवर ती चालते. स्मॉलटॉकचे ऋण तिच्या नावातच आहे. त्यामुळे शिकविणारे बहुधा क्लास आणि वारसा येथूनच आरंभ करतात. हा आरंभ चुकीचा आहे, असे मला वाटते. आरंभ करावयाचा तो ‘नाही’ या उत्तराचा अर्थ समजून घेण्यापासून.

आकारान्त पुल्लिंगी नामे घ्या. घोडा, घोडे, घोड्याला: हा सामान्य नियम. राजा या शब्दाचे अनेकवचन राजे असे नियमानुसार होते, पण सामान्यरूप बदलत नाही. आपण राजाला म्हणतो, राज्याला म्हटले तर तो निराळाच शब्द होतो. काका हा शब्द दोन्ही बाबतींत नियम मोडतो. लॉगटॉकमध्ये आकारान्त पुल्लिंगी नाम हा एक ऑब्जेक्ट आणि घोडा, राजा, काका हे त्याचा विस्तार करणारे ऑब्जेक्ट होत. राजाने एकच विधेय स्वतः सांगावयाचे, काकाने दोन, घोड्याने एकही नाही. (विधेय म्हणजे प्रोलॉगी मंडळी ज्यास प्रेडिकेट म्हणतात ते.) प्रश्न असा विचारतात:

राजा::सामान्यरूप(_रूप).

विसर्गासारखी दिसणारी ही दोन चिन्हे म्हणजे संदेश. आता हाच प्रश्न ‘परंतु’ या अव्ययास विचारला तर? साध्या प्रोलॉगमध्ये सामान्यरूप हे शब्द आणि रूप यांना जोडणारे एकच विधेय असते. तेथे अव्ययाविषयी विचारले काय आणि नोंदावयाचे राहून गेलेल्या नामाविषयी विचारले काय, उत्तर एकच, नाही. लॉगटॉक येथे भेद करते. कोणते प्रश्न विचारता येतात याची घोषणा आणि त्यांचे उत्तर देणारी व्याख्या या तेथे दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. घोषणा प्रोटोकॉल नावाच्या निराळ्या घटकातही ठेवता येतात. नामांनी तो प्रोटोकॉल स्वीकारला आणि अव्ययांनी स्वीकारला नाही, तर अव्ययास विचारलेला प्रश्न त्रुटी म्हणून परत येतो. घोषणा असून व्याख्या नसलेल्या नामाकडून मात्र ‘नाही’ येते. एक प्रश्नच गैरलागू, दुसरा प्रश्न रास्त पण माहिती नाही. व्याकरण लिहिणाऱ्यास याहून उपयुक्त भेद कोणता असणार?

या भेदाचे दुसरे अंग मात्र नवख्यास छळते. सामान्य ऑब्जेक्टात सामान्यरूपाचा नियम लिहिताना शब्दाचे मूळरूप लागते, आणि ते ज्यास प्रश्न विचारला त्या ऑब्जेक्टाकडे असते. तेथे मूळरूपाच्या आधी दोन द्विबिंदू लिहिले तर चौकशी त्या मूळ ऑब्जेक्टाकडे जाते. ते राहिले तर शोध सामान्य ऑब्जेक्टातच होतो. तेथे मूळरूपाची घोषणा आहे, व्याख्या नाही, म्हणून उत्तर ‘नाही’. त्रुटी नाही! दोन टिंबांच्या जोड्या गळल्या आणि सर्व घोडे सामान्यरूपाविना राहिले, असा प्रकार.

मुलगा हा शब्द आणखी एक गोष्ट शिकवितो. मुलग्याला आणि मुलाला ही दोन्ही रूपे चालतात. प्रोलॉगच्या सवयीचा विद्यार्थी मुलगा या ऑब्जेक्टात दुसरे रूप लिहून मोकळा होतो, कारण प्रोलॉगमध्ये नवे विधान जुन्यात भर घालते. लॉगटॉकमध्ये ऑब्जेक्टाची स्वतःची व्याख्या वारशाने आलेल्या व्याख्येस झाकून टाकते. मुलग्याला हे रूप नाहीसे होते. ते परत हवे असल्यास ^^ या चिन्हाने वारशाची व्याख्या मुद्दाम बोलवावी लागते.

क्लासविषयी थोडेच पुरे. वरील सर्व ऑब्जेक्ट प्रोटोटाइप होत. क्लास म्हणून केवळ विशेषीकरणाच्या नात्याने मांडलेल्या ऑब्जेक्टास थेट संदेश पाठविला, तर शोध त्याच्या स्वतःच्या क्लासपासून सुरू होतो. असा क्लासच नसल्यास घोषणा सापडत नाही. जावाच्या सवयीने येणारे पहिल्याच दिवशी येथे अडखळतात. रूपावलीस प्रोटोटाइप पुरेसे आहेत.

तर्कशास्त्राच्या बाजूने एक गंभीर आक्षेप येतो. शुद्ध तर्काधिष्ठित आज्ञावलीत प्रत्येक विधान स्वतंत्रपणे खरे असते. येथे नियमाची सत्यता कोणास विचारले यावर अवलंबून राहते. आक्षेप खरा आहे. तथापि ‘कट’ लावलेल्या माझ्या फाइलीतही ती शुद्धता उरली नव्हती; तेथे सत्यता ओळींच्या क्रमावर अवलंबून होती. पाणिनीय परंपरेने उत्सर्ग आणि अपवाद यांचे नाते उघडपणे मांडले. ज्याचा जो अपवाद त्याचा तो निर्देश लॉगटॉकमध्येही ऑब्जेक्टाच्या पहिल्याच ओळीत करावा लागतो. क्रमात लपलेल्या अपवादापेक्षा मला हा परवडतो.

शंभरएक नियमांच्या वर्णनासाठी हा खटाटोप करू नये. चूक झाल्यास ती लॉगटॉकच्या पातळीवरील की खालच्या प्रोलॉगची, हे ओळखण्यातही काही आठवडे जातात. वाक्यरचनेचे नियम प्रोलॉगच्या व्याकरणलेखनपद्धतीने ऑब्जेक्टात जसेच्या तसे लिहिता येतात, ही मोठी सोय. देवनागरीत लिहिणाऱ्यांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात: फाइलीच्या आरंभीच यूटीएफ-८ या संकेतनाचा निर्देश करावा, आणि रोमन लिपीत चलाचे नाव मोठ्या अक्षराने ओळखले जाते, आपल्या लिपीत मोठे अक्षर नाही, म्हणून चलाच्या नावाआधी अधोरेषा द्यावी, जशी वर _रूप या नावास दिली आहे. ती न दिल्यास रूप हा एक स्थिर शब्द ठरतो, आणि राजाचे सामान्यरूप ‘रूप’ आहे काय, असा प्रश्न आपण विचारून बसतो. उत्तर अर्थातच ‘नाही’ येते.