सीटखालची मोकळी जागा

सायकलचं चित्र काढ म्हटलं की लहान मूल दोन चाकं काढतं आणि मध्ये दोन त्रिकोण. कवितेला असतं तसं हे सायकलचं वृत्त. शंभरावर वर्षं ते टिकलं, कारण त्रिकोण सहजासहजी वाकत नाही. आमच्या तळघरात उभ्या असलेल्या सर्वेलो पी५एक्स या सायकलनं ते मोडलं आहे. ते कसं मोडलंय, हे बघण्यातच तिची खरी गोडी आहे.

बाजूनं पाहा. हँडलपाशी भरदार कार्बनचा सांधा. तिथून एक रुंद नळी पेडलकडे उतरते, दुसरी मागं सीटकडे जाते आणि तिथंच, अधांतरी, संपते. सीटपासून पेडलपर्यंतची उभी नळी नाही. मागच्या चाकाला वरून धरणाऱ्या दोन काड्याही नाहीत. पहिल्यांदा बसताना माझ्या पोटात गोळा आला होता. हे पेलणार कसं? पेलतं, कारण कार्बनचे धागे कुठल्या दिशेनं आणि किती थरांत घालायचे, हे घडवणाऱ्याला ठरवता येतं. जिथं जोर, तिथं भिंत जाड. पोलादी नळीला अशी दिशा देता येत नाही. आणि जे गाळलं, त्यानं हवेची वाट मोकळी केली.

रस्त्यावरच्या शर्यतींसाठी यूसीआय या सायकलिंगच्या जागतिक संघटनेनं २००० सालापासून दोन त्रिकोणांची चौकट सक्तीची केली. ट्रायथलॉनमधल्या एकट्यानं कापायच्या लांब शर्यतींना ते बंधन नाही. तेवढ्या मोकळिकीत २०१६ साली ही सायकल आली. सर्वेलो ही टोरोंटोची कंपनी. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात भेटलेल्या जेरार्ड व्रूमेन आणि फिल व्हाइट यांनी ती १९९५ मध्ये सुरू केली. त्यांची पहिली रचनाही रूढ साच्यात न बसणारीच होती. त्या हट्टाचा मला मनापासून आदर वाटतो.

पण ही चौकट पूर्ण होते ती मालकाच्या हातानं. हँडलचा मधला खांब वरखाली करता येतो. जानेवारीभर, सायकल जागेवरच अडकवायच्या ट्रेनरवर बसून मी तो दोन-दोन मिलिमीटरनं हलवला. कोपरं टेकली, मान सैलावली, तेव्हा थांबलो. सीटच्या दांड्याला कार्बन पेस्ट लावताना ती बोटांना बारीक रव्यासारखी खरखरीत लागते. त्या कणांमुळेच दांडा घसरत नाही आणि बोल्ट फार आवळावा लागत नाही. टॉर्क पान्यानं ‘टक्’ केलं की हात काढायचा. कार्बनला जास्तीची ताकद सोसत नाही, चीर आतून जाते आणि वरून दिसतही नाही.

खाण्याचा डबा चौकटीच्या रेषेतच बसवलेला आहे. लांब ट्रायथलॉनमधल्या १८० किलोमीटरच्या सायकल टप्प्यात बहुतेक जण त्यात जेलची पाकिटं भरतात. मी फोमची पट्टी कापून दोन कप्पे केले. एकात राजगिऱ्याची वडी, दुसऱ्यात सुंठ घातलेले खजुराचे लाडू. वडी ओल्या हातानंही निघते, आणि चढावर श्वास लागलेला असताना चावावी लागत नाही, तोंडात विरघळते.

ट्रेनरवरून उतरलो की घाम पुसायला खाली बसतो. जिथं नळी असायला हवी होती, त्या जागेतून पलीकडे भिंतीला टेकवलेली मुलीची लाल घसरगाडी दिसते. तिच्यावरचं बर्फ अजून वितळतंय.