बटण कोणाच्या बोटांसाठी?

शर्टाचे बटण लावताना आपण नेमके काय करतो? अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत बटण धरतो, काजातून सरकवतो, पलीकडून ओढून घेतो. हे काम डोळ्यांपेक्षा बोटांच्या स्पर्शावर चालते.

कुष्ठरोगात नेमका हाच स्पर्श जातो. कोपराजवळच्या चेतेला इजा झाली की करंगळी व अनामिका आकड्यासारख्या वाकतात. मनगटाजवळच्या चेतेला झाली की अंगठा चिमटीत येत नाही. बहुविध औषधोपचाराने रोग बरा होतो, पण फार दिवस गेलेली संवेदना बहुधा परतत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीला हे हात परके नाहीत. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन सुरू केले. तेथे अशाच हातांनी शेती पिकवली, माग चालवले. त्या श्रमांचे आपण कौतुक करतो. त्याच हातांनी सकाळी कपडे कसे घातले, हे मात्र सहसा विचारत नाही.

यासाठी एक साधे साधन आहे: मुठीला बसवलेला तारेचा फासा. फासा काजातून घालायचा, बटण अडकवायचे आणि ओढायचे. चिमटीचे काम मुठीवर सोपवण्याची ही कल्पना उत्तमच. पण तिच्यात दोन उणिवा आहेत. मूठ बारीक असेल तर तेच बल कमी क्षेत्रफळावर पडते, दाब वाढतो, आणि दुखत नसल्याने जखम लक्षातच येत नाही. मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली तर हा दोष बराच कमी होतो. दुसरी उणीव मोठी आहे. हे साधन शर्टापुरतेच आहे. पोलक्याचे हूक, परकराची नाडी यांपुढे ते निरुपयोगी. टिचबटणालाही बोटाच्या टोकाचा जोर लागतोच. म्हणजे साधन घडवताना बाईचा कपडा समोर नव्हता.

१९६८ च्या सुमारास जयपूर फूट घडवणाऱ्यांनी आधी पाहिले, की आपला माणूस अनवाणी चालतो, उकिडवा बसतो. कपड्यांबाबतही असेच पाहायला हवे. कधी हाताला साधन देण्यापेक्षा कपडाच बदलणे सोपे असते: नाडीऐवजी इलॅस्टिक, हुकांऐवजी मोठी बटणे, थोडी सैल काजे. गावचा शिंपी हे करू शकतो.

वर्गात एक प्रयोग करा. दोन बोटे बांधून, जाड हातमोजे घालून मुलांना बटणे, हूक आणि नाडी लावायला सांगा. मग त्यांनाच विचारा, दोष हाताचा की कपड्याचा?