उभें केलेलें कोंकण

पुस्तकाचें परीक्षण करावें, नाटकाचें करावें, क्वचित् एखाद्या चित्रप्रदर्शनाचेंहि करावें. परंतु जेथें सहकुटुंब जावयाचें, तिकीट काढून घटकाभर हिंडावयाचें आणि परततांना कोकम सरबताची बाटली घेऊन यावयाचें, अशा स्थळाचें परीक्षण करण्याची आपल्याकडे चाल नाहीं. तीं स्थळें करमणुकीच्या सदरांत मोडतात, आणि करमणुकीस टीकेची गरज नाहीं असें आपण गृहीत धरून चालतों. आम्हांस हें मान्य नाहीं. गणपतीपुळ्यास ‘प्राचीन कोंकण’ या नांवाचें जें उघड्यावरचें प्रदर्शन आहे, तो आमच्या मतें एक ग्रंथच होय. त्याचीं पानें पाऊलवाटेच्या वळणांबरोबर उलटतात, त्यांतील पात्रें पुरुषभर उंचीचीं आहेत, आणि त्यावरील भाष्य मार्गदर्शकाच्या तोंडीं आहे. कोंकणावरील कोणत्याहि कादंबरीपेक्षां या ग्रंथास वाचक अधिक मिळत असावेत असा आमचा अंदाज आहे. आणि ज्या ग्रंथास इतके वाचक आहेत त्याची कोणी दखलच घेऊं नये, हें टीकाकारांना भूषणावह नव्हे.

तो आम्हीं प्रथम वाचला तेव्हां नवा होता, आणि आम्हीं तो मोठ्या प्रेमानें वाचला. जुन्या गांवांतील निरनिराळे धंदे करणारीं माणसें, त्यांचीं अवजारें, त्यांची उठण्याबसण्याची रीत, हें सारें झाडांच्या सावलींत मांडलेलें पाहून मनास जो आनंद झाला तो खोटा नव्हता. त्या वेळीं आमच्याबरोबर घरांतील दोन वृद्ध स्त्रिया होत्या. त्या मूर्तींच्या चेहऱ्यांकडे पाहतच नव्हत्या. त्यांचें लक्ष मूर्तींच्या हातांतील वस्तूंकडे होतें. मार्गदर्शकानें एक सांगावें, त्यांनीं त्यास दोन जोडावीं. लावणीच्या दिवसांत इरलें भिजून जड झालें म्हणजे वांकलेल्या पाठीस तें कसें होतें. भात कांडतांना दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या कीं मुसळांचा ताल चुकून कसें चालत नाहीं. नाचणीचें दळण पहाटे कोणत्या वेळीं संपवावें लागे. हें सर्व त्या एकमेकींस सांगत होत्या, आणि मार्गदर्शक गप्प उभा राहून ऐकत होता. तो दिवस आमच्या घरांत पुढें पुष्कळ वर्षें निघत असे.

परवां फिरून जाणें झालें. त्या दोघीहि आतां नाहींत. रत्नागिरीहून निघालें कीं आरे-वाऱ्याच्या किनाऱ्यानें मोटार थेट पुळ्यास जाते; तिकडे जयगडास १२०० मेगावॅटचें वीजकेंद्र उभें आहे; पुळ्याच्या वस्तीस तर उतारूंच्या खोल्यांनीं चहूंकडून वेढलें आहे. आंत गेलों तों जें आम्हीं पूर्वीं पाहिलें होतें तेंच पुन्हा पुढें आलें, आणि तरीहि सगळें बदललेलें वाटलें. आमच्यापुढें एक कुटुंब चाललें होतें. त्यांतील सातआठ वर्षांच्या मुलीनें जात्याकडे बोट दाखवून विचारलें, “हें खरोखर असायचं का?” तिच्या आईनें क्षणभर विचार केला आणि म्हटलें, “असेल.” त्या ‘असेल’ शब्दानें आम्हांस थांबविलें.

याचा अर्थ असा कीं, मधल्या काळांत या ग्रंथाचा प्रकारच पालटला. पूर्वीं तो आठवणींचें पुस्तक होता. त्याच्या प्रत्येक पानाशेजारीं तें पान ज्यांनीं जगून काढलें अशीं माणसें उभीं असत आणि समासांत आपल्या दुरुस्त्या लिहीत जात. आतां तो पुराण झाला आहे. आठवणींच्या पुस्तकांत कांहीं वगळलें असल्यास वाचक तें मनांतल्या मनांत भरून काढतो. पुराणांत जें नाहीं तें मुळीं घडलेंच नाहीं असें ठरतें. म्हणून जी सवलत आम्हीं पहिल्या वाचनाच्या वेळीं आनंदानें दिली, ती दुसऱ्या वाचनाच्या वेळीं देणें आम्हांस कठीण पडलें.

प्रथम या प्रकाराचा गुण मोकळेपणानें सांगितला पाहिजे. अवजार आणि हात यांचा संबंध जसा येथें दिसतो तसा आमच्या कथा-कादंबऱ्यांत दिसत नाहीं. कोंकणावर लिहिणारे आमचे लेखक माणसांच्या भांडणांत इतके रमतात कीं घाणा कसा फिरतो किंवा जात्याचा खुंटा कोठें बसतो हें सांगण्यास त्यांस सवड होत नाहीं. शिवाय असें प्रदर्शन म्हणजे चालताबोलता कोशहि आहे. वायन, कणगी, इरलें, पडवी, खळें हे शब्द मुलांच्या कानांवर वस्तूसह पडतात; वस्तूवांचून पाठ केलेला शब्द टिकत नाहीं हें शिक्षकांस विचारावें. कोल्हापुराजवळ कणेरीच्या मठांत याच जातीचें पण विस्तारानें पुष्कळ मोठें असें सिमेंटच्या मूर्तींचें गांव उभें केलें आहे. तेथेंहि हाच गुण आहे, आणि पुढें आम्ही जो दोष सांगणार आहों तोहि या सबंध प्रकाराचाच आहे, कोणा एका स्थळाचा नव्हे.

तो दोष असा. मूर्ती एकेकटी असते. लोहार दाखवितां येतो, कुंभार दाखवितां येतो, ओटीवर पानदान घेऊन बसलेला खोतहि दाखवितां येतो. परंतु खोताची मूर्ती करतां येते, खोतीची करतां येत नाहीं. आणि रत्नागिरी जिल्ह्याचा गेल्या दोनतीन शतकांचा इतिहास खोतीवांचून सांगणें म्हणजे नदीवांचून तिचे कांठ दाखविण्यासारखें आहे. खोतानें सरकारांत सारा भरावयाचा आणि कुळांकडून धान्याचा वांटा उचलावयाचा. जमिनीच्या मगदुराप्रमाणें कोठें अर्धेल, कोठें तिर्धेल. वर वेठ निराळी. इंग्रज सरकारनें १८८० सालीं यासाठीं स्वतंत्र कायदा केला, पण कुळाची मान त्यानें सुटली नाहीं. १७ सप्टेंबर १९३७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं मुंबईच्या कायदेमंडळांत खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें, आणि जानेवारी १९३८ मध्यें हजारों शेतकरी मुंबईंत कौन्सिल हॉलवर चालून गेले. कायद्यानें खोती गेली ती १९४९ सालीं. म्हणजे आमच्या त्या दोन वृद्ध स्त्रियांच्या बाळपणीं ती जिवंत होती. त्यांनीं जीं मुसळें उचललीं त्यांखालचें अर्धें भात कोणाच्या कणगींत जाई, हें त्यांस ठाऊक होतें. तें त्यांनीं त्या दिवशीं बोलून दाखविलें नाहीं, इतकेंच.

‘बारा बलुतेदार’ या शब्दांतहि हीच सोय आहे. एका ओळींत उभ्या केलेल्या बारा मूर्ती पाहिल्या म्हणजे बारा बोटांचा एक हात पाहिल्यासारखें वाटतें: सर्व सारख्या उंचीचे, सर्व एकाच रंगाच्या डब्यांतून रंगविलेले. कोण कोणाच्या ओटीवर चढूं शकत असे, कोणास खळ्याबाहेरूनच आपलें बलुतें उचलावें लागे, कोणाची विहीर निराळी होती, या गोष्टी अंतराच्या आहेत. आणि अंतर घडविण्याची कला मूर्तिकाराच्या हातीं नसते असें नव्हे, पण तीस जागा फार लागते आणि धैर्यहि लागतें.

या ठिकाणीं श्री. ना. पेंडसे यांची आठवण होणें अपरिहार्य आहे. पेंडसे दापोलीकडचे, त्यांनीं ‘गारंबीचा बापू’ (१९५२) मध्यें एक गांव उभें केलें तेंहि एका अर्थीं प्रदर्शनच आहे: तेथें पोफळीचीं आगरें आहेत, देऊळ आहे, खोत आहे. पण त्या गांवांतील प्रत्येक माणूस दुसऱ्याच्या संबंधानेंच उभा आहे. बापू काय आहे हें त्याच्या अंगावरच्या वस्त्रांनीं कळत नाहीं, गांव त्याच्याकडे कोणत्या नजरेनें पाहतें त्यानें कळतें. ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या दोन खंडांच्या कादंबरींत तर एका खोत घराण्याच्या पिढ्यामागून पिढ्या आपल्या डोळ्यांपुढें चढतात आणि उतरतात. पेंडशांस खोतांविषयीं माया आहे, कधीं कधीं आमच्या मतें ती जरूरीपेक्षां अधिक आहे, आणि कुळाच्या झोंपडींत त्यांची लेखणी वाड्यांतल्या इतकी रेंगाळत नाहीं. तथापि वाडा कशावर उभा आहे हें त्यांनीं लपविलेलें नाहीं. मूर्तींच्या गांवांत वाडा नुसता चिऱ्यावर उभा असतो.

कोणी म्हणेल, करमणुकीच्या जागेकडून एवढी अपेक्षा कां? परंतु या जागांचा वंशवृक्ष पाहिला तर त्यांच्या मुळाशीं करमणूक नाहीं, विरह आहे. या प्रकारचें पहिलें मोठें स्थळ म्हणजे स्टॉकहोमचें स्कान्सेन. तें आर्तुर हाझेलियस यानें १८९१ सालीं उघडलें. स्वीडनमधील खेडीं त्या काळीं ओस पडत होतीं, लोक अमेरिकेस जात होते, कारखाने वाढत होते. त्यानें खेड्यांतील खरीं घरें उचलून राजधानींत आणून वसविलीं. १९५५ सालीं कॅलिफोर्नियांत वॉल्ट डिस्नेनें आपलें उद्यान उघडलें, तेव्हां त्याच्या दाराशीं जो रस्ता बांधला तो त्याच्या बाळपणींच्या मार्सलीन गांवच्या आठवणीवर बेतलेला; आणि त्या रस्त्यावरील घरांचे वरचे मजले मुद्दाम लहान मापाचे ठेवलेले. बाळपण जसें आठवतें त्या मापाचे! आमच्याकडे गोराईस १९८९ सालीं निघालेलें एस्सेल वर्ल्ड हें निव्वळ पाळण्यांचें आणि चक्रांचें उद्यान होतें, त्यास भूतकाळ नव्हता. तें २०२२ सालीं बंद झालें, आणि आतां जे लोक होडींतून तेथें गेल्याच्या गोष्टी सांगतात त्यांच्यापुरता त्यासहि भूतकाळ मिळाला. असो. सांगावयाचें तें हें कीं, खेडें ओस पडूं लागलें म्हणजे त्याची प्रतिकृति उभी राहते, आणि रत्नागिरी जिल्हा हें याचें ठळक उदाहरण आहे. २००१ च्या खानेसुमारींत या जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ मध्यें ती १६,१५,०६९ झाली. सबंध देश वाढत असतां हा जिल्हा घटला. त्याच खानेसुमारींत दर हजार पुरुषांस येथें ११२२ स्त्रिया भरल्या. म्हणजे पुरुष मुंबईस, आणि घर बाईच्या अंगावर.

ही गोष्ट नवी नव्हे. मुंबईच्या गिरण्यांस रत्नागिरीनें पिढ्यान् पिढ्या माणसें पुरविलीं. टपालखात्यानें मनीऑर्डर चालू केली तीहि १८८० सालींच, ज्या सालीं खोतीचा तो कायदा झाला. आणि अर्धेलीनें जें घरांत पुरत नसे तें पुढें कितीएक वर्षें त्या मनीऑर्डरीनें पुरविलें. पेंडशांच्या ‘रथचक्र’ (१९६२) मधील नायिकेस नांव नाहीं. तिचा नवरा मुंबईस गेलेला नाहीं, तो संसारच सोडून गेलेला आहे; पण पुरुष नसलेल्या घरांत मुलें शिकविण्यासाठीं बाईनें घेतलेला हट्ट आणि त्या हट्टाची तिला द्यावी लागलेली किंमत, हें कोंकणांतील वाचकास दुसऱ्या कोणास समजावून सांगावें लागत नाहीं. पुळ्याहून जवळच मालगुंड आहे. १८६६ सालीं केशवसुत तेथें जन्मले, आणि १९९४ पासून तेथें त्यांचें स्मारक आहे. त्यांनींहि नैर्ऋत्येकडील वाऱ्यांस उद्देशून कविता लिहिली ती घाटावर बसून. कोंकणचा पहिला मोठा आधुनिक कवि तो हाच, आणि तोहि चाकरीसाठीं बाहेर पडलेला. तेव्हां ज्यास आपण प्राचीन म्हणतों त्या गांवाचा एक मुख्य गुणधर्म असा कीं, त्यांतील कर्ता पुरुष बहुधा त्यांत नसे. मूर्तींच्या गांवांत मात्र प्रत्येक पुरुष आपापल्या कामावर हजर आहे. इतकें भरलेलें गांव आमच्या पाहण्यांत कोंकणांत दुसरें नाहीं.

जीं स्थळें आम्हांस प्रिय आहेत त्यांच्या चालकांस म्हणून एक सुचवावेंसें वाटतें. तें कोणा एकास उद्देशून नाहीं, रायगडापासून सावंतवाडीपर्यंत जो कोणी असें गांव नव्यानें उभें करील त्यासाठीं आहे. त्यानें एक ओटी रिकामी ठेवावी. खुंटीवर पुरुषाचें वस्त्र नसावें. आंत माजघराच्या उंबऱ्याशीं एक बाई उभी करावी. तिच्या हातांत कोणतेंहि अवजार देऊं नये, फक्त तिचे डोळे पाणंदीकडे असावेत. कोनाड्यांत टपालाचा एक कागद ठेवावा. शेजारच्या घरीं खोताचा माणूस माप घेऊन खळ्यांत आलेला दाखवावा, आणि माप कोणाच्या हातांत आहे एवढें प्रेक्षकास स्पष्ट दिसावें. याला मूर्ती तीनच लागतील. मार्गदर्शकास तेथें फारसें बोलावें लागणार नाहीं. मुंबईहून सुटींत आलेल्या पाहुण्यांपैकीं पुष्कळांचे आजे तशाच एका ओटीवरून उतरून गेलेले असतात.