तक्त्यात बटण कुठे आहे?

छत्रपती संभाजीनगरच्या एका शाळेतील विज्ञान प्रदर्शनात दंतवैद्याच्या क्ष-किरण यंत्राचा तक्ता आम्ही पाहिला. रंगकाम सुरेख, नावे ठळक. तरीही दोन गोष्टींबद्दल बोलायला हवे, कारण अशाच आकृत्या मुले वर्षानुवर्षे वहीत उतरवून घेतात.

तापलेल्या तंतूतून निघालेले इलेक्ट्रॉन टंगस्टनच्या लक्ष्यावर आदळताना दाखवले होते. खाली खुलासा असा : टंगस्टनच्या सर्वांत आतल्या कक्षेतील इलेक्ट्रॉन उडतो, रिकाम्या जागी बाहेरचा येतो, म्हणून क्ष-किरण. शेजारीच यंत्राचा विद्युतदाब लिहिला होता, ६५ किलोव्होल्ट. आता हिशेब करू. टंगस्टनच्या त्या आतल्या, म्हणजे के-कक्षेतून इलेक्ट्रॉन काढायला सुमारे ६९.५ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. ६५ किलोव्होल्टने धावलेल्या इलेक्ट्रॉनजवळ जास्तीत जास्त ६५. मग तो के-कक्षेला हात कसा लावणार? त्याबाहेरच्या एल-कक्षेतील जागा भरताना किरण निघतात खरे, पण ते इतके दुबळे की नळीची काच आणि पुढचा ॲल्युमिनिअमचा पत्रा यांतच अडकतात. दाताचा फोटो उमटवणारे किरण वेगळ्या वाटेने येतात. अणुकेंद्राजवळून जाताना इलेक्ट्रॉन वळतो, मंदावतो आणि गमावलेली ऊर्जा प्रारण होऊन बाहेर पडते. कोणी थोडी गमावतो, कोणी बरीच; म्हणून या किरणांत लहानमोठ्या सगळ्या ऊर्जा सापडतात. इलेक्ट्रॉनांच्या एकूण ऊर्जेपैकी एक टक्काही अशी कामी येत नाही. बाकीची सगळी उष्णता! ती वाहून न्यायला टंगस्टनमागे तांब्याचा ठोकळा असतो. तक्त्यात ठोकळा अचूक काढला होता, तो कशासाठी हे मात्र कुठेच नव्हते.

दुसरी गोष्ट आम्हांला अधिक खटकली. नळीवर 'किरणोत्सारी' अशी पाटी आणि चहूकडे पसरलेले लाल बाण. प्रदर्शन पाहायला आलेल्या एका आईने विचारले, "मग रात्री दवाखाना बंद असतानाही हे चालूच?" तक्त्याशेजारच्या मुलाने मान डोलावली. शहरात शासकीय दंत महाविद्यालय आहे. दाताचा फोटो इथल्या घरांना अपरिचित नाही. अशा समजुतीपायी एखादी आई मुलाचा गरजेचा फोटोही टाळेल. विद्युतदाब थांबला की इलेक्ट्रॉन थांबतात, त्याच क्षणी किरणही. खोलीत काहीच उरत नाही. चालू असताना, तो सेकंदाचा अंश का असेना, इतरांनी दूर राहायचे हे खरेच.

गुरुजींना आम्ही एवढेच सुचवले : तक्त्यात बटण कुठेच नाही, तेवढे मुलाकडून काढून घ्या.