घड्याळाकडे पाहणारा पाळक : बोनहोफरची तुरुंगातली पत्रं

१९४४ च्या जानेवारीची अखेर. बर्लिनवर रात्रीचा बाँबहल्ला चालू आहे. टेगेलच्या लष्करी तुरुंगात काही जण जमिनीला चिकटून पडले आहेत. त्यांतला एक एरवी धर्माच्या वाटेला न जाणारा. पण आता तो सारखं देवाचं नाव पुटपुटतो आहे. त्याच्या शेजारी पडलेला माणूस लुथरन पाळक आहे, धर्मशास्त्राचा विद्वान आहे. धीर देण्यासाठी पवित्र शास्त्रातलं एखादं वचन त्याच्या ओठांवर सहज यायला हवं. तो मात्र घड्याळ पाहतो आणि सांगतो, आता फार तर दहा मिनिटं.

हा पाळक म्हणजे डीट्रिख बोनहोफर. त्याने हा प्रसंग आपला मित्र एबरहार्ड बेटगे याला पत्रातून कळवला आहे, फुशारकी किंवा कबुलीजबाब असं कोणतंच रूप न देता. तो म्हणतो, हे ठरवून केलं नाही, आपोआप झालं. अशा घटकेला त्या माणसावर धर्म लादणं बरं नव्हे, असं आत कुठेतरी वाटलं असावं. पुढे कंसात आणखी एक गोष्ट जाता जाता टाकली आहे : वधस्तंभावर असताना येशूनेही शेजारच्या दोन चोरांना वळवायचा प्रयत्न केला नव्हता, त्यांतला एक आपणहून त्याच्याकडे वळला.

माझ्या लेखी या पत्रसंग्रहाचं सगळं मर्म या कंसात आहे. भ्यालेल्या माणसाच्या भीतीचा उपयोग करून घ्यायचा नाही, हा नुसता सभ्यतेचा नियम नाही. बोनहोफरने तो ख्रिस्ताच्या शेवटच्या तासांमधून उचलला आहे. सुवार्तेतला तो प्रसंग आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्या वेळी येशू काय बोलला नाही, याकडे कोणी लक्ष वेधलेलं निदान माझ्या वाचनात नव्हतं.

बोनहोफरला ५ एप्रिल १९४३ रोजी अटक झाली. त्यानंतर दीड वर्ष तो टेगेलला होता. पहिल्या रात्री मिळालेल्या घोंगड्यांना इतकी दुर्गंधी येत होती की थंडी असूनही त्या अंगावर घेववेनात. सकाळी भाकरीचा तुकडा कोठडीत फेकला गेला, तो त्याने जमिनीवरून उचलून घेतला. आईवडिलांना लिहिलेली पत्रं तपासनिसांच्या नजरेखालून जात. बेटगेला लिहिलेली पत्रं मात्र मनाने फितूर झालेल्या पहारेकऱ्यांच्या हातून बाहेर पडत. ज्या पत्रांनी पुढे विसाव्या शतकाच्या धर्मचिंतनाला हादरा दिला, ती हीच. युद्ध संपेपर्यंत ती गॅस मास्कच्या डब्यांत घालून बागेत पुरून ठेवली होती. १९५१ साली बेटगेने त्यांचं पुस्तक काढलं.

३० एप्रिल १९४४ च्या पत्रात बोनहोफर एक प्रश्न मांडतो : आजच्या माणसासाठी ख्रिस्त नेमका कोण? आणि त्यानंतर जे लिहितो ते पाळकाच्या लेखणीतून सहसा उतरत नाही. धार्मिक माणसांत बसल्यावर देवाचं नाव घेताना आपल्याला अवघडल्यासारखं होतं, ते नाव तिथे खोटं वाजतं. उलट धर्म न मानणाऱ्यांशी बोलताना ते सहज, शांतपणे घेता येतं. असं का व्हावं, हा प्रश्न त्याचा त्यालाच पडला आहे.

याचं उत्तर त्याच्या घरात शोधावं लागतं. वडील कार्ल बोनहोफर बर्लिनमधले नामवंत मनोविकारतज्ज्ञ. थोरला भाऊ कार्ल-फ्रीडरिख रसायनशास्त्रज्ञ. हे घर चर्चला नेमाने जाणारं नव्हतं. खोटं न बोलणं, दुबळ्याची बाजू घेणं, पोकळ शब्द न वापरणं ही शिस्त त्याला प्रवचनांच्या आधी या माणसांकडून मिळाली होती. पुढे १९३३ साली हिटलर सत्तेवर आला तेव्हा कितीतरी धर्मगुरूंनी त्याच्यापुढे मान तुकवली, आणि जे त्याच्याविरुद्ध उभे ठाकले त्यांत देवाचं नाव न घेणारेही होते. अविश्वास म्हणजे अनीती, हे समीकरण बोनहोफरच्या डोळ्यांदेखत खोटं ठरलं होतं. नास्तिक माणूस त्याच्या पत्रांत समजूत घालण्याचं गिऱ्हाईक म्हणून येत नाही, घरच्या माणसासारखा येतो. आधुनिक अविश्वासावर ख्रिस्ती लेखकांनी पुष्कळ लिहिलं आहे. इतक्या आदराने लिहिलेलं फार थोडं.

२९ मेच्या पत्रात तो वायत्सेकर या भौतिकशास्त्रज्ञाचं पुस्तक वाचतो आहे. माणसाच्या ज्ञानात जिथे भोक पडलं तिथे देवाचं ठिगळ लावायचं, ही सवय त्याला मनापासून खटकते. ज्ञान वाढत जाणार, भोकं बुजत जाणार, म्हणजे देवाला दर पिढीत एक पाऊल मागे सरायला लावायचं! देव कळलेल्या गोष्टींत भेटला पाहिजे, असं तो म्हणतो. आयुष्याच्या मध्यावर, धडधाकट असताना, कामात असताना. जूनमधल्या पत्रात तो आणखी कडक होतो. विज्ञानाने बाहेर काढलेल्या देवासाठी मरण, पाप, अपराधाची टोचणी अशा दुखऱ्या जागा राखून ठेवायच्या, आणि सुखी माणसालाही 'तू खरा दुःखी आहेस' असं पटवून त्याला देवाच्या दारात उभं करायचं, हा धर्मरक्षणाचा उद्योग त्याला हलका वाटतो. बाँबहल्ल्यातल्या त्या दहा मिनिटांत वागण्यातून जे झालं होतं, त्याचाच विचार इथे लिहून काढला आहे.

मग देव कुठे आहे? १६ आणि १८ जुलैच्या पत्रांत उत्तर येतं, आणि इथे वाचकाने घाई करू नये. देव जगातून हुसकला जातो आणि वधस्तंभावर जातो. जगात तो दुबळा आहे, आणि असाच तो आपल्यासोबत आहे. याच सुमारास लिहिलेली 'ख्रिस्ती आणि विधर्मी' ही त्याची तीन कडव्यांची छोटी कविता या विचाराचा गाभा आहे. पहिल्या कडव्यात माणसं संकटात देवाकडे जातात, भाकर मागतात, आजारातून, अपराधातून सुटका मागतात. ख्रिस्ती असोत की नसोत, सगळीच. दुसऱ्या कडव्यात दिशा उलटते. आता देवच संकटात आहे, गरीब, निवारा नाही, भाकर नाही, आणि माणसं त्याच्याकडे जातात. ख्रिस्ती माणसाची ओळख इतकीच की तो देवाच्या दुःखात त्याच्यापाशी उभा राहतो. तिसऱ्या कडव्यात देव सगळ्यांकडे जातो आणि दोघांसाठीही मरतो. शब्द अगदी साधे आहेत आणि रचना जवळजवळ एकाच वाक्याची पुनरावृत्ती करणारी. पहिल्या आणि तिसऱ्या कडव्यात ख्रिस्ती आणि बिगरख्रिस्ती यांत कसलाच भेद नाही. भेद येतो तो मधल्या कडव्यात, आणि तोही हक्काचा नव्हे, जबाबदारीचा. विश्वासणाऱ्याला काही जास्त मिळतं असं कवी कुठेही म्हणत नाही.

जनाबाईसोबत दळायला बसणारा विठ्ठल मराठी वाचकाला परका नाही, म्हणून हा देव आपल्याला चटकन जवळचा वाटेल. तरी फरक ध्यानात ठेवावा. विठ्ठल भक्ताचं ओझं हलकं करायला येतो. बोनहोफरचा देव गेथशेमाने बागेत शिष्यांना विनवतो की माझ्यासोबत तासभर जागे राहा, आणि शिष्य झोपी जातात. इथे मदत मागणारा तो आहे.

या देवापाशी उभं राहायचं म्हणजे काय करायचं, याचं उत्तर १९३३ च्या एप्रिलमध्येच सुरू झालं होतं. ज्यूंविरुद्धच्या कायद्यांची चर्चा चालू असताना त्याने एका निबंधात मंडळीची, म्हणजे चर्चची, तीन कामं सांगितली : सत्तेला तिच्या कृत्यांचा जाब विचारणं, बळी पडलेल्यांना मदत करणं, मग ते ख्रिस्ती नसले तरीही, आणि वेळ आली तर जुलमाच्या चाकाखाली सापडलेल्यांना मलमपट्टी करण्यावर न थांबता ते चाकच अडवणं. त्याच निबंधात ज्यू समाजाविषयीचे जुने ख्रिस्ती पूर्वग्रहही आहेत, आणि बोनहोफरवर प्रेम करणाऱ्यांनी ते लपवू नयेत. तो त्या विचारातून बाहेर आला तो वाचनाने नव्हे, माणसांमुळे. नंतर त्याचा मेहुणा हान्स फॉन डोनानी याच्यासोबत तो लष्करी गुप्तहेर खात्यातल्या हिटलरविरोधी कटात सामील झाला. ज्यूंच्या एका छोट्या गटाला स्वित्झर्लंडला पोचवण्याच्या कामात या कटातल्या लोकांचा हात होता, आणि त्याच प्रकरणाच्या पैशांचा माग काढत पोलीस त्यांच्यापर्यंत आले.

मे १९४४ मध्ये बेटगेच्या मुलाचा बाप्तिस्मा झाला. मुलाचं नाव डीट्रिखच ठेवलं होतं. कोठडीतून बोनहोफरने त्या तान्ह्या मुलासाठी काही विचार लिहून पाठवले. बारशाच्या निमित्ताने लिहिलेलं इतकं कठोर लेखन मी दुसरं वाचलेलं नाही. तो लिहितो, आमच्या मंडळीने या सगळ्या वर्षांत फक्त स्वतःच्या बचावाची लढाई लढली, म्हणून आता जगाला समेटाचा शब्द सांगण्याची ताकद तिच्यात उरलेली नाही. जुने शब्द गप्प बसले पाहिजेत. ख्रिस्ती असणं आज दोनच गोष्टींत उरलं आहे : प्रार्थना करणं आणि माणसांमध्ये न्यायाने वागणं. नवे शब्द येतील तेव्हा येतील. पाळकांच्या घराण्यातली आई असलेल्या, आयुष्य प्रवचनांत घालवलेल्या माणसाने हे लिहावं, आणि तेही बाळाच्या बाप्तिस्म्याला! पण आशेचा सूर हरवत नाही. कधी ते सांगता येणार नाही, पण तो शब्द एक दिवस पुन्हा सापडेल, अशी त्याची खात्री आहे.

स्वतःचा बचाव हाच त्याच्या शांतीविषयक विचारातलाही मुख्य शत्रू. ऑगस्ट १९३४ मध्ये डेन्मार्कच्या फॅनो बेटावर जगभरच्या चर्चच्या प्रतिनिधींपुढे त्याने सांगितलं होतं की सुरक्षिततेच्या वाटेने शांती येत नाही. हमी मागणं म्हणजेच समोरच्यावर अविश्वास दाखवणं, आणि शांतीला धाडस लागतं. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. याच काळात लंडनमध्ये पाळक असताना त्याला गांधीजींकडे जाऊन राहायचं होतं. १ नोव्हेंबर १९३४ च्या पत्राने गांधीजींनी त्याला बोलावलंही. त्या दिवसांत त्यांचा मुक्काम वर्ध्याला होता. पत्रात परतीच्या भाड्याचा आणि महिन्याच्या खर्चाचा हिशेब आहे, आणि मी तुरुंगात नसलो तर माझ्याजवळ राहाल, असा दिलासाही. बोनहोफर आला नाही. सरकारला न मानणाऱ्या मंडळीच्या तरुण पाळकांचं शिक्षण त्याच्यावर सोपवलं गेलं आणि तो जर्मनीला परतला.

अहिंसा शिकायला वर्ध्याला येऊ पाहणारा माणूस दहा वर्षांनी हत्येच्या कटात सापडतो, ही विसंगती गोड करून सांगता येत नाही. त्यानेही ती तशी सांगितली नाही. आपलं कृत्य निर्दोष आहे, असा दावा त्याच्या लिखाणात सापडत नाही. दुसऱ्यासाठी अपराध अंगावर घ्यावा लागतो आणि क्षमेची वाट पाहावी लागते, इतकंच तो म्हणतो. मला ही भूमिका पूर्ण पटते असं नाही. एकदा हे मान्य केलं की कोणताही हत्यारबंद माणूस तिचा आधार घेऊ शकतो, आणि बोनहोफरच्या नावाने तसं झालेलंही आहे. पण हात स्वच्छ ठेवणं हाही स्वतःच्या बचावाचाच एक प्रकार असू शकतो, या त्याच्या शंकेला माझ्यापाशी उत्तर नाही.

२० जुलै १९४४ ला हिटलरवरचा बाँब फसला. दुसऱ्या दिवशी, आता आपलं काय होणार हे जवळजवळ कळलेलं असताना, त्याने बेटगेला पत्र लिहिलं. त्यात कटाविषयी उघड शब्द नाही. तेरा वर्षांपूर्वी अमेरिकेत एका तरुण फ्रेंच पाळकाशी झालेलं बोलणं त्याला आठवतं. आयुष्यात काय करायचं, असा विषय निघाला होता. तो म्हणाला, मला संत व्हायचंय. बोनहोफर म्हणाला, मला विश्वास ठेवायला शिकायचंय. या दोहोंतलं अंतर किती खोल आहे, ते त्याला खूप उशिरा कळलं. या जगातली कर्तव्यं, प्रश्न, यश, अपयश, अनुभव आणि गोंधळ यांत पुरतं उतरल्याशिवाय विश्वास शिकता येत नाही, असं तो आता लिहितो. सगळं हरल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेल्या या पत्रात कृतज्ञता आहे.

ऑगस्टमध्ये त्याने एका छोट्या पुस्तकाचा आराखडा केला. इतरांसाठी जगते तेव्हाच मंडळी ही मंडळी असते, असं म्हणून तो थेट पैशांवर येतो : सुरुवात म्हणून मंडळीने आपली मालमत्ता गरजूंना देऊन टाकावी, पाळकांनी लोकांच्या स्वखुशीच्या दानावर जगावं किंवा एखादा पोटापाण्याचा धंदा करावा. ऑक्टोबरमध्ये त्याला गेस्टापोच्या तळघरात हलवलं. ते पुस्तक हाती आलं नाही. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लॉसेनब्युर्गच्या छळछावणीत त्याला फाशी दिली गेली. तो एकोणचाळीस वर्षांचा होता. त्याचा भाऊ क्लाउस आणि दोन मेहुणेही त्याच महिन्यात मारले गेले.

बोनहोफरची वेचक वाक्यं आता सर्वत्र फिरतात, आणि परस्परांविरुद्ध उभे असलेले लोक ती वापरतात. त्याला तसं वाचू नये. पत्रं तारखेच्या क्रमाने वाचावीत; धुवायचे कपडे, तंबाखू, काडेपेटी, हवी असलेली पुस्तकं यांच्या मागण्यांसकट. सगळी वाचायला वेळ नसेल तर निदान बाप्तिस्म्याचं ते लेखन आणि २१ जुलैचं पत्र एका बैठकीत वाचा. विश्वास ठेवणाऱ्याने तर वाचावंच. पण ज्याचा कशावरच विश्वास नाही त्याच्या हाती हे पुस्तक द्यायला मला अधिक आवडेल.