टॅब दिला, पाळणाघराचं काय?

आज इथे यायचं म्हणून आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीतल्या उद्योगांचे सामाजिक दायित्वाचे काही अहवाल वाचले. गुळगुळीत कागद, छान फोटो. एका पानावर शाळेतल्या मुलांना टॅब देताहेत. पुढे कुठेतरी हेल्मेट घातलेल्या बायका, खाली 'महिला सक्षमीकरण'. ही हेल्मेटवाली बाई त्या टॅबवाल्या पोराची आई असू शकते, हे अहवाल लिहिणाऱ्याच्या ध्यानातच आलेलं नाही. माझी तक्रार एवढीच आहे, पण ती लहान नाही.

2019 मध्ये केंद्र सरकारनं उघड्या खाणींत बायकांना रात्री 7 ते सकाळी 6 काम करण्याची मुभा दिली. लेखी संमती हवी आणि पाळीत किमान तिघी हव्यात, अशा अटी घातल्या. चंद्रपूरच्या कोळसा खाणी, एटापल्लीकडचं सूरजागड, सगळीकडे हे लागू. मी याच्या बाजूचा आहे. 1952 च्या कायद्यातली बंदी बाईला जपण्याच्या नावाखाली तिची रोजी अडवत होती. पण आई पाळीवर गेली की पोराच्या हातात मोबाईल येतो. आजी माडियात बोलते, मोबाईल हिंदीत. कोण जिंकतं ते तुम्ही घरोघरी पाहताच.

कंपनी म्हणेल, तो मोबाईल आमचा नाही. बरोबर. पण पाळीचं वेळापत्रक तुमचंच ना?

मी वर्गात कांट शिकवायचो तेव्हा अर्धी पोरं पेंगायची. तरी सांगतो. काही कर्तव्यं सवडीनं करता येतात, दानासारखी. काहींना सवलत नसते. आपल्या कायद्यालाही हा भेद कळतो. नफ्याच्या 2 टक्के दायित्व निधीत आपल्याच कामगारांच्या फायद्याचा खर्च धरता येत नाही. म्हणून टॅब निधीत बसतो, पाळणाघर बसत नाही. ते मालकाचं देणंच आहे. देण्याचे फोटो कोण काढतो?

पाळणाघराची तरतूद 2017 ची. 50 कामगार असले की ते हवं, आणि ही मोजणी पुरुष धरून. दिवसातून चार वेळा मुलाला भेटायची सोय मात्र फक्त आईला. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तेच. म्हणजे मोजताना बाप धरायचा आणि मूल सांभाळताना सोडायचा!

टॅबचंही तसंच. 2023 चा डेटा संरक्षण कायदा 18 वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो, पालकांची पडताळता येणारी संमती मागतो. त्या टॅबवर कोणतं अ‍ॅप आहे, मुलाची माहिती कुठे जाते, पालकांना कोणत्या भाषेत विचारलं, यावर मी वाचलेल्या अहवालांत एक ओळ नाही. वाटलेल्या टॅबची संख्या तेवढी ठळक.

पुढच्या वर्षी त्या संख्येशेजारी आणखी थोडे आकडे छापा. रात्रपाळीत पाळणाघर किती वाजेपर्यंत उघडं होतं, त्यात किती मुलं होती, आणि त्यांना घरी न्यायला किती बाप आले.