लॉग फाइलींचा कालबद्ध पालट : एक समीक्षा

संगणकावर अखंड चालणाऱ्या प्रत्येक आज्ञावलीला आपल्या व्यवहाराची नोंद ठेवावी लागते. कोण आले, काय मागितले, काय दिले आणि कोठे अडले, हे ती ओळीमागून ओळ एका फाइलीत लिहीत जाते. ही लॉग फाइल वाढत गेली की डिस्क भरते आणि हवी ती नोंद शोधणे दुर्घट होते. म्हणून ठरावीक काळाने जुनी फाइल बाजूला ठेवून नवी सुरू करण्याची प्रथा पडली. व्यवहारात तिला लॉग रोटेशन म्हणतात. प्रस्तुत लेखात सोयीसाठी ‘पालट’ हा शब्द योजिला आहे. वरकरणी हा विषय झाडलोटीचा वाटतो. तथापि घडलेल्या घटनेचा पुरावा पुढे कोणाच्या हाती लागेल, आणि लागेल की नाही, हे पुष्कळ अंशी या झाडलोटीवरच ठरते. यास्तव प्रचलित पद्धतींचे गुणदोष पारखून पाहणे अगत्याचे आहे.

आपल्याकडील जुन्या पेढीवर रोजकीर्द लिहिली जाई. व्यवहार थांबले, रोकड मोजली, शिल्लक ताडून पाहिली, की कारकून त्या दिवसाखाली रेघ ओढी आणि शिल्लक दुसऱ्या दिवसाच्या आरंभी मांडी. ही रेघ निःशंकपणे ओढता येई, कारण दुकान बंद होत असे. सर्व्हर बंद होत नाही. मध्यरात्रीच्या ठोक्याला एखादी विनंती अर्धवट पुरी झालेली असते, एखादी नोंद लिहिली जात असते, तर एखादी लिहिण्याच्या रांगेत उभी असते. न थांबणाऱ्या प्रवाहावर दिवसाची रेघ कशी ओढावी, हा पालटाचा मूळ प्रश्न होय.

या प्रश्नाचे तीन पोटप्रश्न पडतात. फाइल कोणत्या क्षणी तोडावी? तोडलेल्या तुकड्याला कोणती तारीख द्यावी? आणि तो तुकडा किती काळ राखावा? ‘दररोज’ हा एक शब्द लिहिला की या तिन्हींची उत्तरे मिळाली, असे मानण्याकडे प्रचलित साधनांचा व ती वापरणारांचा कल दिसतो. प्रस्तुत लेखकाच्या मते सर्व घोटाळ्याचे मूळ येथेच आहे.

प्रथम लिनक्सवर सर्वत्र आढळणारे ‘लॉगरोटेट’ हे साधन घेऊ. ते मूळ आज्ञावलीच्या बाहेर राहून काम करते. त्याच्या मांडणीत ‘डेली’ असे लिहिले म्हणजे मध्यरात्री पालट होतो, ही समजूत चुकीची आहे. लॉगरोटेटजवळ स्वतःचे घड्याळ नाही. क्रॉन किंवा सिस्टमडीचा टाइमर त्याला जेव्हा उठवतो, तेव्हा ते आपली स्थिती-फाइल उघडून मागील पालट कोणत्या दिवशी झाला एवढेच पाहते. डेबियनच्या क्रॉन-मांडणीत दैनिक कामांची वेळ सकाळी ६ वाजून २५ मिनिटे ही आहे. अशा यंत्रावरील ‘एका दिवसाची’ फाइल सकाळी ६:२५ पासून दुसऱ्या सकाळी ६:२५ पर्यंतची असते. त्यातच फाइलीला तारीख जोडण्याची सोय वापरली, तर साधन पालटाच्या दिवसाची तारीख लावते. म्हणजे १५ मार्चचे नाव असलेल्या फाइलीत बहुतांश मजकूर १४ मार्चचा असतो. हा विसंवाद दूर करण्यासाठी आदल्या दिवसाची तारीख लावण्याचा वेगळा पर्याय पुढे दिला गेला. पण ६:२५ ला तुटलेल्या फाइलीला कोणतीही एक तारीख दिली तरी ती अपुरीच ठरणार. दोष तारखेचा नाही. तोडण्याचा क्षण आणि दिवसाची सीमा ही एकच आहे असे गृहीत धरण्याचा आहे.

बाहेरून पालट करण्यात आणखी एक अडचण आहे. युनिक्स परंपरेत एकदा उघडलेली फाइल आज्ञावली नावाने नव्हे, तर तिच्या आयनोडवरून ओळखते. त्यामुळे फाइलीचे नाव बदलले तरी लिहिणारा जुन्याच फाइलीत लिहीत राहतो. त्याला ‘नवी वही उघड’ असा सिग्नल द्यावा लागतो. एन्जिनएक्स या वेब सर्व्हरला त्यासाठी यूएसआर-१ हा सिग्नल देतात. नाव बदलणे आणि सिग्नल पोहोचून नवी फाइल उघडणे यांच्या दरम्यानच्या नोंदी जुन्या फाइलीत जातात. त्या हरवत नाहीत, केवळ अपेक्षित जागी नसतात. परंतु जी आज्ञावली सिग्नल समजत नाही तिच्यासाठी दुसरी युक्ती योजतात : फाइलीची नक्कल करायची आणि मूळ फाइल रिकामी करायची. या दोन कृतींमधील निमिषार्धात आलेली नोंद नष्ट होऊ शकते, असे या साधनाच्या माहितीपत्रातच सांगितले आहे. पहिल्या युक्तीत नोंद चुकीच्या फाइलीत पडते, दुसरीत ती नाहीशीच होते. या दोन दोषांना एकाच तराजूत तोलणे योग्य नव्हे.

दुसरी पद्धत पालटाची जबाबदारी आज्ञावलीवरच सोपवते. जावा भाषेतील ‘लॉगबॅक’ या संचात काळावर आधारलेला पालट घड्याळाच्या ठोक्याने होत नाही. मध्यरात्रीनंतरची पहिली नोंद आली की तो होतो. रात्री बाराच्या पुढे वीस मिनिटे काहीच घडले नाही, तर पालटही वीस मिनिटे थांबतो. प्रथमदर्शनी ही शिथिलता वाटते. वस्तुतः ती विचारपूर्वक केलेली निवड आहे. तोडण्याचे निमित्त नोंदच असल्यामुळे दोन दिवसांचा मजकूर सहसा मिसळत नाही. उलट ‘लॉग४जे २’ मध्ये क्रॉनच्या धर्तीवर ठरावीक क्षणी पालट करणारेही एक धोरण आहे. तेथे टाइमर नोंदींच्या प्रवाहापासून स्वतंत्र चालत असल्यामुळे आदल्या वा पुढच्या कालखंडाच्या काही नोंदी फाइलीच्या आरंभी वा शेवटी सापडू शकतात, ही गोष्ट त्याचे कर्तेच मान्य करतात.

येथे या विषयातील खरा पेच उघड होतो. नोंदीने पालट घडविला तर मजकुराची सीमा जवळजवळ अचूक राहते, परंतु फाइल केव्हा बंद होईल ते सांगता येत नाही; रात्री एक वाजता कालची फाइल उचलून नेणाऱ्या दुसऱ्या कामाला ती अद्याप मिटलेलीच नाही असे आढळू शकते. घड्याळाने पालट घडविला तर फाइल वेळेवर मिटते, परंतु मजकुराची सीमा पुसट होते. वेळेवर मिटणे आणि नेमका मजकूर या दोहोंची पूर्ण हमी साध्या पालटातून मिळत नाही. कोणत्या दोषाने आपले कमी नुकसान होईल, हे वापरणाऱ्याने ठरवावयाचे असते. प्रचलित मांडण्यांत ही निवड ‘डेली’ या एका शब्दामागे दडून राहते.

पायथन भाषेच्या लॉगिंग संचातील काळानुसार पालटणारा हस्तक या दृष्टीने अधिक सावधपणे वापरावा लागतो. हा संच २००३ च्या पायथन २.३ पासून भाषेसोबत येतो. त्यात ‘मध्यरात्र’ आणि ‘दिवस’ असे दोन निराळे पर्याय आहेत. ‘दिवस’ म्हणजे दिनांक नव्हे, चोवीस तासांचे अंतर. आणि आज्ञावली सुरू होताना हे अंतर फाइलीत शेवटचा बदल झाला त्या वेळेपासून मोजले जाते. आता एखादी आज्ञावली दर तासाला उठून पाच मिनिटे काम करून थांबत असेल, तर प्रत्येक वेळी शेवटचा बदल ताजाच असतो, चोवीस तास कधी भरत नाहीत आणि पालट कधीच होत नाही. मांडणीत ‘दररोज’ लिहिलेले असते आणि फाइल महिनोन् महिने वाढत राहते. नियम वाचून ही चूक ध्यानी येत नाही. परिणाम पाहिल्यावरच येते.

तिसरी पद्धत मध्यस्थाची. अपाचे वेब सर्व्हरबरोबर येणारी ‘रोटेटलॉग्ज’ ही छोटी आज्ञावली सर्व्हरकडून नोंदी नळीवाटे घेते आणि स्वतः फाइलीत लिहिते. फाइलीचे नाव ती कालखंडाच्या आरंभावरून, फाइल निर्माण होतानाच ठरवते. त्यामुळे नंतर नाव बदलावे लागत नाही व सिग्नलचीही गरज उरत नाही. हा या रचनेचा मोठा गुण होय. लॉगबॅकमध्येही चालू फाइलीला स्थिर नाव न दिल्यास असेच घडते. मात्र रोटेटलॉग्जला ८६४०० सेकंदांचा कालखंड दिला आणि दुसरे काहीच सांगितले नाही, तर ती जागतिक प्रमाणवेळेची मध्यरात्र पाहते. भारतात तेव्हा सकाळचे साडेपाच वाजलेले असतात. सूर्योदयापासून वार मोजणाऱ्या पंचांगकर्त्याला यात फारसे वावगे वाटणार नाही. पण १५ तारखेच्या पहाटे दोन वाजता घडलेला प्रकार शोधणाऱ्या तपासनिसाने तो १४ तारखेच्या फाइलीत पाहावा, हे त्याला कोणी तरी आधी सांगितलेले असावे लागते. स्थानिक वेळ मानण्याचा पर्याय तेथे आहे. पण जेथे उन्हाळी वेळ पाळली जाते त्या युरोप-अमेरिकेतील देशांत स्थानिक दिवस वर्षातून एकदा तेवीस तासांचा व एकदा पंचवीस तासांचा होतो, आणि शरदात एक तास दोनदा येतो. भारतात आज ही अडचण नाही. तथापि मुंबई शहर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भारतीय प्रमाणवेळेहून ३९ मिनिटे मागे असलेली स्वतःची वेळ पाळीत होते, हे आठवले म्हणजे दिवसाची सीमा निसर्गाने नव्हे, संकेताने ठरते हे पटते.

उरतो जतनाचा प्रश्न, आणि व्यवहारात तोच सर्वांत गंभीर आहे. भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाने, म्हणजे सर्ट-इनने, २८ एप्रिल २०२२ रोजी माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७०-ब अन्वये काढलेल्या निर्देशांत सेवादाते, डेटा केंद्रे, कंपन्या व शासकीय संस्था यांनी आपल्या सर्व प्रणालींचे लॉग १८० दिवसांच्या सरकत्या मुदतीसाठी राखावेत असे सांगितले आहे. त्याच निर्देशांत घड्याळे राष्ट्रीय सूचना केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळेशी जुळवून ठेवण्यासही सांगितले आहे. कायदा दिवस मोजतो. साधने बहुधा फाइली मोजतात. अनेक लिनक्स वितरणांबरोबर येणारी ‘दर आठवड्याला पालट, चार फाइली राखा’ ही मांडणी तशीच ठेवली, तर सुमारे एका महिन्यापलीकडचे काही उरत नाही. ‘दररोज पालट, १८० फाइली’ असे लिहून हा दोष मिटला असे वाटते. पण त्याच मांडणीत ‘फाइल अमुक आकाराची झाली तर मुदतीपूर्वीच पालट करा’ अशी अट असेल, आणि असे पालट दिवसातून अनेकदा होऊ लागले, तर १८० फाइलींत १८० दिवस मावणार नाहीत. मग ज्या दिवशी कोणी हल्ला करून लॉगमध्ये नोंदींचा पूर आणतो, नेमक्या त्याच दिवसापासून जुना पुरावा वेगाने पुसला जातो. लॉगबॅकमध्ये एकूण आकारावर मर्यादा घातली तरी परिणाम तोच. म्हणून राखणीचा नियम वयावर बांधला पाहिजे. लॉगरोटेटमध्ये फाइलींच्या संख्येची मर्यादा उठवून केवळ वयाची मर्यादा ठेवता येते. लॉग४जे २ मध्ये वय पाहून पुसण्याची स्वतंत्र कृती आहे. सोय आहे, तिचा वापर विरळा.

यावर कोणी म्हणेल, की प्रत्येक नोंदीवर तिची स्वतःची वेळ असतेच, मग फाइलीच्या नावाची एवढी चिकित्सा कशाला? आक्षेपात तथ्य आहे, आणि प्रस्तुत विवेचनाचा रोखही तिकडेच आहे. घटनेची वेळ सांगणे हे नोंदीचे काम; तिच्यात प्रमाणवेळेपासूनचे अंतर लिहिलेले असले म्हणजे ती कोणत्याही फाइलीत पडली तरी आपले स्थान सांगू शकते. फाइलीचे नाव ही केवळ कपाटावरची चिठ्ठी आहे. परंतु शोधणारा माणूस आधी चिठ्ठी वाचतो, आणि पुसणारी आज्ञावली फाइलीच्या आत डोकावत नाही. ज्या फाइलीचे दप्तरच उरले नाही, तिच्यातील नोंदीची वेळ कितीही अचूक असली तरी ती कोणाच्या उपयोगी पडणार?

तात्पर्य, तिन्ही पद्धतींत निर्मितीच्या वेळीच नाव देणारी व नोंदीच्या आगमनाने पालट करणारी रचना पुराव्याच्या दृष्टीने अधिक विश्वासार्ह ठरते. नक्कल करून रिकामी करण्याची युक्ती, अन्य उपाय असेल तर, टाळावी. तोडण्याचा क्षण यंत्राच्या सोयीने ठरवावा, नाव आरंभावरून द्यावे, आणि जतन वयावरून करावे. हे तीन निर्णय तीन वेगळ्या ओळींत लिहिलेले असावेत. मांडणीच्या फाइलीत केवळ ‘दररोज’ एवढाच शब्द आढळला, तर परीक्षकाने त्या जागी तीन प्रश्न विचारावेत आणि तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत ती मांडणी पुरी झाली असे समजू नये.